मिठावरची रेघ

लोणी भापकरात लोक सोनंनाणं पेटीत ठेवत. सिंधुबाई मीठ ठेवायची. पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. आणि चोर कोण, तर तिचाच नवरा, आबाजी.

पंचाण्णव साली बारामतीच्या डॉक्टरांनी आबाजीचं ब्लडप्रेशर मोजलं, ते दोनशेच्या वर. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं. दोनाच्या चार गोळ्या झाल्या तरी प्रेशर हटेना. तेव्हा डॉक्टर हसत म्हणाले, "चोरून लोणचं खाता वाटतं." ते बोलून मोकळे झाले. सिंधुबाईने मात्र ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं.

तिने मिठाच्या काचेच्या बरणीवर बाहेरून, मीठ होतं तिथं, कोळशाची रेघ ओढली. ऐन पावसाळ्याचे दिवस. खडेमिठाला पाणी सुटलं आणि मीठ रेघेखाली अर्धं बोट बसलं. पावसाळ्यात मीठ बसतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, पण मनात संशय शिरला की ठाऊक असलेलंही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप आलं.

तरी प्रेशर तसंच. मग म्हणे, तो शेजारीपाजारी जाऊन खातो. जत्रेला भाऊबंदांची पंगत बसली की आबाजीचं ताट वेगळं, चुलीजवळ, तिच्या नजरेखाली. पुढं त्याचे पाय लुळे पडायला लागले. ट्रॅक्टरचा क्लच दाबवेना, हातचं ड्रायव्हरचं काम गेलं. तेव्हाही ती म्हणाली, "खावा आजून मीठ."

आबाजीला हे फार लागलं. तो देवघरातून खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. त्यांच्यात एकदा भंडारा उचलला की पुढं कुणी शब्द काढत नसे.

"मी मिठाला शिवलो न्हाय. उचलतो भंडारा."

सिंधुबाईने झटकन त्याचा हात धरला. त्याला वाटलं, पटलं हिला.

"नगा उचलू," ती म्हणाली. "खोटी शपथ माज्या लेकराला, दीपकला भोवंल."

आबाजीने वाटी जागेवर ठेवली. वीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी पुष्कळ भांडली होती, पण इतकं वाईट कधी बोलली नव्हती. त्यानंतर वर्षभर तो मुकाट्याने अळणी भाकरी खात राहिला.

सत्त्याण्णव साली वालचंदनगरला एक नवी डॉक्टरीण आली. तिने प्रेशर पाहिलं, लुळे पाय पाहिले, रक्त तपासलं आणि आबाजीला पुण्याला धाडलं. तिथल्या स्कॅनमध्ये सापडलं: मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीत हरभऱ्याएवढी गाठ. डॉक्टरणीने कागदावर चित्र काढून सिंधुबाईला समजावलं, "ही गाठ नको तेवढा हार्मोन सोडते. त्याने अंगात मीठ साठून राहतं, प्रेशर चढतं, पायांतली ताकद जाते. माणूस अळणी जेवला तरी. यांचा काही दोष नाही." तेच चित्राखाली लिहून सही केली.

ऑपरेशन झालं, प्रेशर उतरलं. आबाजी घरी आला त्या दिवशी सिंधुबाईने कुलूप काढलं, मटण रांधलं आणि सगळ्यांच्या आधी त्याला वाढलं. तो उठला, भंडाऱ्याची वाटी आणून तिच्यापुढं ठेवली.

"आता उचलू?"

"आता कशापायी?" ती म्हणाली. "डाक्टरीणबाईंनी कागदावर लिवून दिलंय की."

तिला काही कळलं नव्हतं. तिने रश्श्याची वाटी त्याच्यापुढं सरकवली.

"मीठ बराबर झालंय का, बगा."

"मला काय इचारतीस?" तो म्हणाला. "कागदात बग."