रिकामा पेटा

पेटा

दात नसलेल्या कोंबडीचं जातं म्हणजे पेटा. दाणे, शिंपल्याचे तुकडे, सगळं इथे दळलं जातं. थोरलीला तो रिकामाच हवा होता.

जनावरांच्या डॉक्टरने सुरी फिरवून त्याचे दोन भाग केले. आत हिरवट पाणी आणि दाण्यांची चार सालं. शिंपल्याचा कणही नाही.

"बघितलंत ना, बाबा?" थोरली सासऱ्यांना म्हणाली. समोर उभ्या जावेकडे तिने मुद्दामच बघितलं नाही.

पंधरा दिवस अंडी हातात फुटत होती. कोंबड्यांची शेड थोरलीकडे, खाद्यखोली धाकट्या जावेकडे. ही भवानी खाद्यात शिंपला घालतच नाही, अंगात आळस मुरलाय, असं थोरलीने सासऱ्यांच्या मागे टुमणं लावलं होतं. शेवटी ते वैतागले. डॉक्टरला बोलवा आणि कापून बघा, म्हणाले. खाद्य चुकलं असेल तर खोली थोरलीची. शेडमध्ये चुकलं असेल तर शेड धाकटीची. वाक्याचा दुसरा भाग थोरलीने कानाआड केला होता.

आतडं

डॉक्टर ते टेबलावर पसरत गेला. टेबल संपलं, आतडं संपेना. मग त्याने ते उभं चिरलं. आतून मखमलीसारखी लव होती. नखाने ती उलटी फिरवून त्याने दाखवली. खाल्लेलं रक्तात जातं ते या लवेतून, आणि ही लव ठणठणीत आहे, असं तो म्हणाला. जंत नाहीत, सूज नाही. घेणारं तयार बसलंय, वरून काही आलंच नाही.

थोरलीच्या चेहऱ्यावर दिवाळखोर शेजाऱ्याचं घर बघावं तसा आनंद पसरला.

हाड

हे आतड्यात येत नाही, पण डॉक्टर तिथे गेला. छातीचं हाड दोन बोटांत धरून त्याने ओल्या पुठ्ठ्यासारखं वाकवलं. अंड्यावर कवच रात्री चढतं, तो सांगू लागला. तेव्हा आतडं शिंपल्यातला चुना अधाशासारखं ओढतं. नाही मिळाला की कोंबडी स्वतःची हाडं झिजवते. सकाळी अंडं घालून मोकळी झाली की तेच आतडं नखरे करतं. तेव्हाचा बराचसा शिंपला विष्ठेतून बाहेर. ही कोंबडी आज सहाला, खाद्य पडण्याआधी धरलेली. म्हणजे रात्रीच पेटा कोरडा पडला होता.

"शिंपला किती वाजता टाकता?"

कुठलाच अवयव नाही

पूर्वी शिंपला दुपारी चारला पडायचा. तो टाकायला धाकटी शेडमध्ये यायची, आणि दिवसातून दोनदा ते तोंड बघणं थोरलीला सोसत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच ठणकावलं होतं: सकाळच्या खाद्यातच टाकून मोकळी हो.

"दुपारी चारला," थोरली म्हणाली.

"ताई, निदान मेलेल्या कोंबडीसमोर तरी खरं बोला. दुपारी माझ्या शेडमध्ये पाय ठेवू नकोस, हे कोण म्हणालं?"

"कोणी ऐकलं?"

कोणीच नाही. दोघींचे नवरे अंडी पोचवायला गेले होते. घरात ठिणगी पडली की त्यांना नेमकी गाडी काढायची असे.

दुसरी कोंबडी

घरच्या भांडणाची फी मी घेत नाही, असं म्हणून डॉक्टरने हात धुतले. साडेआठ झालेत, सातला खाद्य पडलंय. शेडमधली एक जिवंत आणा. मानेखाली खाद्याची पिशवी असते. आज सकाळीच शिंपला पडला असेल तर बोटांना कळेल, सुरी नको.

धाकटी निघाली तशी थोरलीने तिचा दंड धरला. ही हातचलाखी करेल. मग सासरेच उठले आणि हाताला लागली ती कोंबडी घेऊन आले. त्यांनी पिशवी चाचपली. कोंबडी थोरलीकडे दिली.

"दाब."

थोरलीने एका हाताने पंख आवळले आणि दुसऱ्याने दाबलं. कातडीखाली शिंपल्याचे तुकडे एकमेकांवर करकरले.

"मला काही लागत नाही."

"नीट दाब."

तिने दाबलं. पुन्हा करकर. "नाही लागत," ती सासऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, आणि दाबतच राहिली. धाकटी मागून आली. थोरलीचे दोन्ही हात कोंबडीत अडकले होते. तिच्या कमरेची शेडची किल्ली धाकटीने सावकाश सोडवून घेतली.