बुधल्यातली दोरी

डेल्बर्टने दोरी धरून पिशवी बुधल्यातून वर ओढली आणि ती निथळेपर्यंत धरून ठेवली. पिशवीत ओकच्या लाकडाचे तुकडे होते, जुन्या व्हिस्कीच्या पिंपाच्या जळक्या फळीतून तोडलेले आणि वर बर्बन व्हिस्कीत भिजवलेले. काचेच्या नळीने त्याने घोटभर काळी बिअर काढली, तोंडात घोळवली आणि गॅरेजच्या दाराकडे बघत उभा राहिला. लाकडाची चव कुठेच लागत नव्हती. त्याने आणखी मूठभर तुकडे पिशवीत कोंबले, ते भिजवलेल्या बरणीत उरलेली बर्बनही बिअरमध्ये ओतली आणि पिशवी पुन्हा आत सोडली.

"अजून किती घालणार आहेस?" त्याची बायको मॅक्सीन दारातून म्हणाली. "बिअर करतोयस की खुर्ची?"

डेल्बर्टने बरणी फळीवर ठेवून दिली. गेली दोनेक वर्षं त्याला कशालाच चव लागत नव्हती. कोंबडी पूर्वीसारखी मिळत नाही, कॉफीत भेसळ असते, असं तो म्हणे आणि मॅक्सीनच्या रश्शावर मिरचीचा सॉस उपडा करी. तेव्हाच्या त्या तापाने तुझ्या तोंडाची चव तर गेली नाही ना, असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो दिवसभर फुगून बसला होता. सारी हयात त्याने व्हिस्कीची पिंपं आतून जाळून बनवणाऱ्या कारखान्यात घालवली होती. धुराच्या वासावरून फळी किती जळली ते तो पाठमोरा उभा राहून सांगे. अशा माणसाचं नाक गेलं म्हणायची कुणाची छाती होती?

ही बिअर त्याच्या जुन्या मित्रासाठी, रॉस्कोसाठी होती. रॉस्को शाळेची बस चालवायचा. दर वर्षी पानगळीला दोघं मिळून या गॅरेजात एक बुधला लावत. लाकडाचं काम मोठं बेभरवशाचं. कमी पडलं तर आणखी घालता येतं, जास्त झालेलं मात्र काढता येत नाही. म्हणून त्यांचा एक नियम होता. दोघांपैकी कुणीही चाखून "काढ" म्हटलं की दुसऱ्याने निमूटपणे दोरी ओढायची. वाद घालायचा नाही.

तो नियम डेल्बर्टने मोडला होता. तापातून उठल्यानंतरच्या पानगळीला बिअर करणारी गावातली मंडळी गॅरेजात जमली होती. रॉस्कोने घोट घेतला आणि "काढ" म्हणाला. डेल्बर्ट म्हणाला, अजून लाकूड काही उतरलंच नाही. रॉस्को पुन्हा तेच म्हणाला, जरा हळू आवाजात. तेव्हा डेल्बर्ट सगळ्यांदेखत म्हणाला, आयुष्यभर तंबाखू चघळून तुझी जीभ मेलीय, गाढवाला गुळाची चव काय. मंडळी हसली. रॉस्कोने ग्लास ठेवला, टोपी घातली आणि तो घरी गेला. त्यानंतर त्याने त्या गॅरेजात पाऊल टाकलं नाही आणि डेल्बर्टही त्याच्या दारी गेला नाही. बोललेलं मनाला खात होतं, पण आपण काही खोटं बोललो नाही, या समजुतीवर त्याने दोन वर्षं ढकलली.

मग चर्चमध्ये रॉस्कोच्या फुप्फुसांच्या दुखण्याचं कळलं.

रविवारी त्याने पंधरा दिवस मुरलेला तो बुधला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. पिशवी आतच होती, दोरी बाहेर लोंबत होती. या वेळी शेवटचा शब्द रॉस्कोचा, असं त्याने ठरवलं होतं. माफी कशी मागायची, तेही वाटेत दोनदा घोकून झालं.

रॉस्कोच्या मुलीने, वाँडाने, दार उघडलं. डॉक्टर आता पुढच्या तारखा देत नाहीत, एवढंच ती दारात हळूच म्हणाली. रॉस्को खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसला होता, नाकात प्राणवायूची नळी. अंगाचा पार सापळा झाला होता. डोळे तेवढे तेच होते.

"तू होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, पाद्री आला."

घोकलेलं सगळं डेल्बर्ट विसरला. त्याने बुधला स्टुलावर ठेवला, ग्लासात दोन बोटं बिअर काढली आणि पुढे केली.

"तू सांगशील तसं. काढू का?"

रॉस्कोने नाकातली नळी बाजूला केली आणि घोट घेतला. तो बराच वेळ तोंडात धरला. डोळ्यांत पाणी आलं, पाठोपाठ खोकला आला. खोकला थांबल्यावर त्याने डेल्बर्टकडे नीट पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून आठवडाभर."

"मला वाटलंच होतं. लाकूड लागतच नाहीये, नाही का?"

"नाही ना," रॉस्को म्हणाला.

डेल्बर्टला इतकं हलकं वाटलं की तो ग्लास विसळायला स्वतःच स्वयंपाकघरात गेला. तळाशी घोटभर उरली होती. वाँडाने सहज ती तोंडाला लावली आणि लगेच मोरीत थुंकली.

"काका, काय आहे हे? कुंपणाची फळी चाटल्यासारखं लागतंय."

डेल्बर्टने ग्लास नाकाशी धरला. मग त्याचं लक्ष शेगडीकडे गेलं. तव्यात हॅम तळत होतं, कडा करपून काळ्या झाल्या होत्या, धूर पार त्याच्या तोंडापर्यंत येत होता. आणि वास नव्हता. कशाचाच नव्हता.

तो परत येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"खरं का नाही सांगितलंस?"

"मागे खरंच सांगितलं होतं," रॉस्को म्हणाला. "दोन वर्षं फिरकला नाहीस."

डेल्बर्टची मान खाली गेली. माझीच जीभ गेली होती आणि बोल मी तुला लावला, असं तो म्हणाला. चुकलं, असंही म्हणाला. दोन्ही वाक्यं त्याला फार जड गेली. या म्हाताऱ्याशेजारी बसायच्या दोन पानगळी आपण आपल्या हाताने घालवल्या, याचं त्याला रडू येत होतं. त्याने दोरीला हात घातला. लाकूड जास्त झालं होतं, आता निदान नियमाप्रमाणे पिशवी तरी काढायची होती.

रॉस्कोने त्याच्या मनगटावर हात ठेवला. हाताला वजन असं नव्हतंच.

"मी काढ म्हटलंय का? आठवडाभर राहू दे म्हटलंय. पुढच्या रविवारी चाखू."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही बघू."

डेल्बर्टने दोरी सोडली. चर्च सुटल्यावर येतो, असं तो म्हणाला. मग बिअरला ऊन लागू नये म्हणून त्याने बुधला उचलला आणि रॉस्कोच्या पलंगाखाली सरकवून ठेवला. दोरी मात्र त्याच्या हाताला येईल अशी बाहेर ठेवली.