वरचं पाणी

त्या घराची आठवण आली की आजही आधी ओलीचा वास येतो. आतल्या खोलीत छताजवळ भिंतीतून पाणी झिरपायचं आणि पोपडे थेट लेकीच्या अंथरुणावर पडायचे. तिचा खोकला हटत नव्हता. खोली कोरडी करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आमच्या यांचा इलाज म्हणजे पलंग सरकवणं. सरकवून सरकवून तो दाराला टेकला, तरी यांचं आपलं "बघू". सासूबाईंचा इलाज भांडण. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई एकटी राहायची. सासूबाई झाडूच्या दांड्याने छत बडवायच्या, "बंद कर गं तुझं पाणी!" वरून ती खुर्ची आपटायची. जिन्यात समोरासमोर आल्या की दोघींच्या मधल्या माणसाने भाजून निघावं.

शेवटी मी प्लंबर आणला. त्याने वरच्यांचं पाणी बंद करून पाहिलं, गळती चालूच. आमचं बंद केलं, तेव्हा हळूहळू थेंब थांबले.

"आजी, पाइप तुमचाच आहे. टाकीतून खाली येताना वरच्यांच्या भिंतीत सांधा सुटलाय. त्यांची भिंत फोडावी लागेल."

सासूबाई उसळल्या. "तिने चहा पाजून पढवलंय तुला! पाणी वरचंच आहे. नीघ इथून!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही दोघी एकाच भिंतीकडे बघत होतो, पण अडचणी वेगळ्या होत्या. मला ती वाळायला हवी होती. त्यांना ओलीच हवी होती. वाळली असती तर इतक्या वर्षांच्या शिव्या ठेवायच्या कुठे?

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी वर गेले. बाईने दार अर्धंच उघडलं. ओठांत टाचण्या होत्या, त्या काढून म्हणाली, "आता काय, वर येऊन बडवणार?"

मी सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे तुमच्या पाण्यापायी शिव्या मी खाल्ल्या, आणि आता भिंतही माझीच फोडायची?"

"पोरीसाठी, ताई."

"मी कुणाची ताई नाही." तेवढ्यात खालून लेकीची उबळ ऐकू आली. बाई जमिनीकडे बघत राहिली. "रोज ऐकते मी हे. फोडा भिंत. पण सासूला खरं सांगायचं नाहीस."

"का?"

"सांगितलंस तर एक दिवस शरमेल आणि विसरून जाईल. तेवढ्यावर माझं भागत नाही."

वरून हातोड्याचे घाव सुरू झाले तसा सासूबाईंना चेव आला. "आली ना शुद्धीवर!" सांधा बसवून झाला आणि बाई स्वतः आमच्या दारात उभी राहिली. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजीबाई, तुमच्या नातीची दया आली, म्हणून केलं. उपकार मानायची गरज नाही."

त्या दिवशी सासूबाईंना जेवण गेलं नाही.

भिंत वाळली. लेकीचा खोकला गेला. सासूबाई मात्र पुढे कितीतरी दिवस, झाडू काखेत धरून, त्या भिंतीवरून तळहात फिरवत राहायच्या. कुठे थोडी तरी ओल लागते का, म्हणून.