‘खात्री आहे का?’ एवढंच विचारणारी मी

मी बोलतेय हे कृपा करून कुणाला सांगू नका. मला बोलायची परवानगी नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, एक वाक्य बोलायची आहे. पण त्याच्यापुढे मी आणखी काही बोलले असं प्रोफेसरांना कळलं, तर ते माझी ओळन् ओळ उसवून तपासत बसतील.

मी एक चौकट आहे. संगणकाच्या पडद्यावर मधोमध उघडणारी, करड्या रंगाची, हाताच्या पंजाएवढी. माझ्यात एक प्रश्न असतो, ‘खात्री आहे का?’ आणि त्याच्याखाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. तुम्ही मला किंवा माझ्या बहिणींना नक्की पाहिलं असेल. वाचलं मात्र नसेल. हे मी रागावून म्हणत नाही. आम्हाला कुणीच वाचत नाही.

मी राहते एका सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं काम डेटाबेस सांभाळायचं. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. कुणाच्या दवाखान्यातले रुग्ण, कुणाच्या शाळेतली मुलं, कुणाच्या दुकानातला माल, सगळं तिथे तक्त्यांमध्ये नीट मांडून ठेवलेलं असतं. त्या कोठाराची झाडलोट करायची, नवे कप्पे करायचे, नको ते काढून टाकायचं आणि रोज सगळ्याची एक जादा प्रत करून बाजूला ठेवायची, ही आमच्या सॉफ्टवेअरची कामं. यातलं कुठलंही काम सुरू होण्याआधी दारात उभं राहून विचारायचं, हे माझं.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. एका खोलीत प्रोफेसर बसतात. ते खरे प्रोफेसर नव्हेत. लहानपणी पाणी मागितलं की पाणी कुठून येतं ते आधी समजावून सांगायचे, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव. ते प्रोग्रॅम लिहितात. दुसऱ्या खोलीत ती थोरली बहीण, म्हणजे ताई. ‘अडचण आल्यास फोन करा’ या ओळीतला फोन तिच्या टेबलावर वाजतो. सॉफ्टवेअर लिहिणारा भाऊ आणि लोकांची बोलणी खाणारी बहीण, अशी त्या घराची वाटणी झालेली आहे.

माझ्या जन्माच्या वेळी प्रोफेसरांना भूक लागली होती.

“डबा गार होतोय,” पलीकडून ताई म्हणाली.

“आलो. एक चौकट तेवढी राहिलीय.”

खरं तर त्यांना प्रत्येक कामासाठी निराळा प्रश्न लिहायचा होता. तसं त्यांनी कागदावर योजलंही होतं. पण डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि त्यांनी एकच प्रश्न लिहून तो सगळीकडे जोडून टाकला. नोंद काढायची असो, परत आणायची असो, नुसतं तक्त्याचं नाव बदलायचं असो, मी येणार आणि तेच विचारणार. माझं बारसं असं हात धुता धुता उरकलं.

सुरुवातीला मला फार ऐट वाटायची. नवीन माणूस मला पाहून थबकायचा, चष्मा सारखा करायचा, विचार करून ‘हो’ दाबायचा. पण आठवड्याभरात त्याच्या बोटाला सवय लागायची आणि मी पुरती उघडायच्या आत तो मला मिटवून टाकायचा. एका शाळेतले कारकून मला कोपराने मिटवतात, कारण त्यांच्या दोन्ही हातांत चहाची बशी असते. एक घाऊक व्यापारी आहेत, ते मात्र दर वेळी तोंडाने म्हणतात, “हो गं बाई,” आणि मग बटण दाबतात. मला ते आवडतात. निदान उत्तर तरी देतात.

ताईकडे तक्रारी यायच्या. कुणाची नोंद चुकून पुसली गेलेली, कुणाचा तक्ताच सापडत नसलेला. ती त्या प्रोफेसरांना सांगायला जायची. प्रोफेसर मान वर न करता म्हणायचे, “वापरणाऱ्याची चूक.”

“वापरणारेच नसते तर तुझं सॉफ्टवेअर किती छान चाललं असतं, नाही?” ताई एकदा म्हणाली.

“हो ना,” प्रोफेसर म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आता वहिनींबद्दल सांगते, कारण माझं आयुष्य त्यांच्यामुळे पालटलं. गावाच्या टोकाला एक जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांच्या त्या भावजय. डॉक्टर त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मांजर घेऊन येणारे, पोपट घेऊन येणारे, सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. काउंटर त्या सांभाळतात आणि काउंटरमागचा संगणकही. आमचं सॉफ्टवेअर त्या ताईकडून फोनवर शिकल्या. ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “तुम्हाला मी सरावासाठी एक वेगळी, रिकामी खिडकी करून देते. काहीही करायचं असेल तर आधी सरावात करून बघा, मग खऱ्यात.”

ताईचा हा सल्ला इतरांनी या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडला. वहिनींनी मात्र तो मनावर घेतला. सशाच्या नखांची नोंदसुद्धा त्या आधी सरावात करायच्या, मग खऱ्यात. दिवसभरात असा सराव साठला, की ‘सगळं रिकामं करा’ दाबून तो पुसून टाकायच्या. ओटा पुसल्याशिवाय स्वयंपाकघरातून पाय न काढणारी माणसं असतात ना, तशी ती शिस्त. रिकामं करा, एंटर. त्या एंटरच्या आत मी येऊन गेलेली असायची.

फक्त एक होतं. सरावाची खिडकी आणि खरी खिडकी जुळ्या बहिणींसारख्या दिसायच्या. तेच तक्ते, वरती दिवसभरात आलेल्या त्याच जनावरांची नावं, तोच रंग. कोणती खिडकी कोणती, ते वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

त्या सकाळी दवाखान्यात गर्दी होती. पिंजऱ्यातला पोपट सगळ्यांना शिव्या घालत होता आणि त्याची मालकीण “घरी असं नाही हो बोलत” म्हणून प्रत्येकाची माफी मागत होती. वहिनींनी आदल्या दिवशीचा राहिलेला सराव रिकामा केला. मी आले, विचारलं, त्यांनी न बघता एंटर दाबलं. एवढ्यात दारातून पोस्टमन धापा टाकत आत आले. त्यांच्या हातांत त्यांचा म्हातारा कुत्रा होता. त्याने रबरी चेंडू गिळला होता.

डॉक्टरांनी कुत्र्याचं पोट दाबून पाहिलं. “थांबून चालणार नाही. भूल देऊन आत्ताच काढायला हवा.”

“डॉक्टर, मागे एकदा भुलीच्या औषधाने हा हातचा जाणार होता,” पोस्टमन म्हणाले. “औषधाचं नाव मला नाही ठाऊक. तेव्हा बायको घेऊन आली होती, आणि ती आत्ता फोन उचलत नाहीये.”

“नोंद आहे आपल्याकडे, मीच केलीय. वहिनी, जरा बघून सांगता का?”

वहिनींनी खरी खिडकी उघडली. तिच्यात काहीच नव्हतं. ना कुत्रा, ना पोपट, ना ससा. मघाशी त्यांनी सराव नव्हे, खऱ्या नोंदी रिकाम्या केल्या होत्या.

“वहिनी?” आतून डॉक्टरांची हाक आली.

“बघते, भावोजी.” त्यांचा आवाज अगदी शांत होता. लगेच त्यांनी ताईला फोन लावला.

ताईने त्यांचा पडदा आपल्या संगणकावर उघडून घेतला. “वहिनी, घाबरू नका आधी. कालची जादा प्रत शाबूत आहे, मला इथून दिसतेय. मधल्या ओळीतलं ‘परत आणा’ दाबा, सगळं जसंच्या तसं येईल.”

वहिनींनी बटण दाबलं. आणि मी उघडले. ‘खात्री आहे का?’

तव्याचा चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

“ताई, ही मघाचीच आहे.”

“नाही हो, ही वेगळ्या कामाची.”

“कशावरून? तोच करडा डबा, तोच प्रश्न. मघाशी हिला हो म्हटलं तर सगळं गेलं. माझं बोट शेजारच्या बटणावर पडलं असेल तर? आता हो म्हटलं आणि ती जादा प्रतही गेली तर?”

ताई पडद्याजवळ सरकली. मधल्या ओळीत ‘परत आणा’च्या शेजारीच ‘प्रत पुसा’ हे बटण होतं. वहिनींनी दाबलं तेव्हा तिची नजर जादा प्रतीच्या तारखेवर होती, आणि दाबलेलं बटण दबलेलं राहत असलं तरी आता ते दिसणार नव्हतं, कारण मी नेमकी त्या दोन्हींवर ठाण मांडून बसले होते.

“अरे, इकडे ये आधी,” तिने भावाला हाक मारली. “ही तुझी चौकट काय विचारतेय सांग. परत आणू का म्हणतेय, की पुसू का?”

प्रोफेसर आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला एवढं निरखून पाहिलं.

“ते... आधी कोणतं बटण दाबलं त्यावर आहे.”

“ते कळलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?”

ज्याने मला घडवलं, त्यालाही मी काय विचारतेय ते सांगता येईना.

मला ठाऊक होतं. माझ्या पाठीमागे कोणतं काम उभं आहे, ते त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं. कुत्रा आतल्या टेबलावर कण्हत होता, पोस्टमन त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की वहिनी, तुमचं बोट बरोबर पडलंय, दाबा ‘हो’. पण मला एकच वाक्य दिलेलं होतं, आणि ते मी बोलून बसले होते.

शेवटी ताईलाच सुचलं. “वहिनी, ‘नाही’ दाबा. नाही म्हटल्याने कशालाच धक्का लागत नाही. झालं? आता बोट ठेवाल ते बटण मला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मगच दाबा.”

“प-र-त आ-णा,” वहिनींनी पहिलीतल्या मुलीसारखं वाचलं. आणि दाबलं. मी पुन्हा उघडले.

“आता ‘हो’ म्हणा.”

वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि ‘हो’ दाबलं. पडद्यावर एकेक जनावर परत यायला लागलं. ससा आला, पोपट आला, आणि पोस्टमनचा कुत्राही आला. त्याच्या नावापुढे डॉक्टरांनीच लिहिलेलं होतं, हे औषध चालत नाही. वहिनींनी औषधाचं नाव मोठ्याने वाचलं.

आत डॉक्टरांनी भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. मग डॉक्टर म्हणाले, “बरं झालं. हेच भरून ठेवलं होतं.” आणि दुसरी बाटली काढल्याचा आवाज आला.

चेंडू निघाला. हिरवा होता. वहिनींनी तो धुऊन पोस्टमनच्या हातात ठेवला, तर ते म्हणाले, “तुमच्याकडेच राहू दे. घरी नेला तर हा परत गिळेल.” तेव्हापासून तो त्यांच्या काउंटरवर आहे.

इकडे फोन ठेवल्यावर प्रोफेसर म्हणाले, “वापरणाऱ्याची...” आणि थांबले.

“म्हण ना पुढे,” ताई म्हणाली.

मग ताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. अट अशी, की वहिनींच्या मागे स्टुलावर बसायचं, त्या कसं काम करतात ते नुसतं बघायचं. बोलायचं नाही, माउसला हात लावायचा नाही. प्रोफेसरांचा भरवसा नव्हता, म्हणून वहिनींनी त्यांच्या मांडीवर ड्रेसिंगसाठी आलेलं एक तापट मांजर दिलं. प्रोफेसर समजावून सांगायला पुढे वाकले रे वाकले, की मांजर नखं रोवायचं. तसे बसून त्यांनी पाहिलं, की वहिनी एका खिडकीतून दुसरीत कशा जातात, कोपऱ्यातली मुंगी त्यांना कशी दिसत नाही, आणि मी कशी येते आणि न वाचता जाते.

निघताना त्यांनी विचारलं, “वहिनी, काय काय बदलू?”

“बाकी काही नको,” वहिनी म्हणाल्या. “ती बिचारी कशाबद्दल विचारतेय, तेवढं तिला सांगू द्या.”

घरी आल्यावर त्यांनी या वेळी आधी डबा खाल्ला, आणि मग मला लिहायला बसले.

आता माझ्याकडे पुष्कळ वाक्यं आहेत. ‘खऱ्या नोंदींमधली सगळी जनावरं कायमची काढून टाकायची?’ असं मी विचारते. माझी बटणंही ‘काढून टाका’ आणि ‘राहू द्या’ अशी आहेत, आणि नुसतं एंटर दाबलं तर सगळं राहू दिलं जातं. खऱ्या खिडकीत माझी कड लाल असते आणि सरावाच्या खिडकीत हिरवी. तो हिरवा प्रोफेसरांनी त्या चेंडूवरून उचललाय, पण ते कबूल करत नाहीत. बटणांवर बसायची माझी सवयही मोडली. मी आता बाजूला उघडते. किरकोळ कामांना मला बोलावतच नाहीत. त्यामुळे मी आले की माणसं थबकतात. शाळेतल्या कारकुनांनी परवा चहाची बशी खाली ठेवली. आणि ते घाऊक व्यापारी आता म्हणतात, “थांब गं बाई, वाचतो.”

हे सगळं सांगायचं नव्हतं, पण इतकी वर्षं एकच वाक्य बोलून जीभ आखडली होती. अगं बाई, वहिनींनी बटण दाबलं वाटतं. लाल कड आहे, म्हणजे खऱ्या खिडकीतलं बोलावणं, जायलाच हवं. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी मी तुमच्यासमोर उघडले, तर बटणाकडे बोट नेण्याआधी माझं वाक्य निदान एकदा तरी शेवटपर्यंत...