हुडाकच्या नावापुढचं शून्य

बास्केटबॉलच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तक्ता छापून यायचा. त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीन आकडे असत: खेळता खेळता टाकलेले गोल, फाऊलचे गोल आणि एकूण गुण. खेळातला गोल दोन गुणांचा, फाऊलचा एका गुणाचा. ओंद्रेय हुडाकच्या नावापुढचा पहिला आकडा अख्खा हंगाम शून्य होता आणि दुसरा पाटलाच्या पोटासारखा सुटलेला.

त्यात त्याचा दोष नव्हता. त्या काळी फाऊल कुणावरही होवो, रेषेवर उभं राहायचं ते संघाच्या ठरलेल्या माणसानं. ज्याचं डोकं फुटलं त्यानं कडेला रक्त पुसायचं आणि ज्याचा हात चांगला त्यानं गोल टाकायचा. ब्लॅकफोर्ड या खाणगावाच्या संघात तो हात ओंद्रेयचा होता.

संघाचा मालक इव्हान प्रॉसर. खेळाचा हॉल त्याचा, हॉलखालचा दारूगुत्ता त्याचा. हसायचासुद्धा तो मोजून. बास्केटखालच्या धक्काबुक्कीत शिरायचं नाही, अशी ओंद्रेयला त्याची सक्त ताकीद होती. चारचौघांत म्हणायचा, "तुझी बोटं माझी, बाकीचा तू बार्बोराचा." त्याच बोटांसाठी त्यानं खाणीच्या मुकादमाच्या कानात सांगून ओंद्रेयला भुयारातून वर काढलं होतं आणि दिवे पुसायच्या खोलीत बसवलं होतं. माणसाला भुयारातून काढणारा त्याला परत आत घालूही शकतो, हे प्रॉसर कधी बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्याच्या बायकोला, बार्बोराला, सहावा महिना होता. तिचे वडील खाणीत गेले, भाऊ खोकत होता. पोरगा झाला तर तोही मिसरूड फुटायच्या आधी कोळशातले दगड वेचायला बसणार, हा हिशोब तिनं कधीच मांडून ठेवला होता. त्यामुळे ग्लेनहेवनच्या संघाचा कारभारी टेल्फर दोघांना स्टेशनवर भेटला आणि कापडगिरणीच्या कोठारात काम, वर राहायला दोन खोल्या, असं बोलला, तेव्हा तिनं घरी येऊन कोबीचं सूप ढवळता ढवळता सामान बांधायचं ठरवूनही टाकलं.

पण टेल्फरची एक अट होती. तो म्हणाला होता, "फाऊल टाकणारा गावोगावी एक असतो. मला खेळणारा पाहिजे. आणि मी सामने बघत फिरत नाही बाबा, पेपर वाचतो. पहिल्या रकान्यात काहीतरी दिसू दे."

आज हंगामाचा शेवटचा सामना होता. पेपर निघणार तो उद्याच.

मैदानाभोवती छपरापर्यंत तारेची जाळी होती. खेळाडू आत गेले की दार बाहेरून अडसर घालून बंद व्हायचं. चेंडू बाहेर जायला नको आणि प्रेक्षक आत यायला नकोत, असं कारण सांगत. जाळीवर आपटलेल्या माणसाच्या पाठीवर तिची नक्षी आठवडाभर राही.

ओंद्रेयनं सुरुवातीलाच बास्केटकडे धाव घेतली. समोरच्या संघाचा स्टोबी धंद्यानं खाटीक होता. त्यानं त्याला जाळीवर नेऊन ठेचला. शिट्टी वाजली, फाऊल मिळाला, ओंद्रेय रेषेवर गेला, गोल झाला. पुन्हा धावला, पुन्हा ठेचला गेला, पुन्हा गोल. पाहुण्यांबरोबर आलेले खाणकामगार आपल्या दिव्यांवर खिळे तापवून त्याच्या पोटऱ्यांवर फेकत होते, तरी त्याचा हात हलत नव्हता. वर चढायला दोर धरावा आणि दोरानंच आणखी खोल सोडावं तसं चाललं होतं: जितका धावे तितका दुसराच आकडा वाढे.

त्यानं कप्तान मॅकगार्वीकडे पास मागितला. मॅकगार्वीनं जाळीबाहेर लाल होऊन ओरडणाऱ्या प्रॉसरकडे नजर टाकली. "तुला चेंडू द्यायचा नाही असा हुकूम आहे, ओंद्र्या. धावतोस कशाला उगाच? उभा राहा की राजासारखा."

शेवटी दोन्ही बाजूंचे सत्तावीस-सत्तावीस झाले, आणि वेळ संपत आली असताना स्टोबीनं मॅकगार्वीला आडवा केला. ओंद्रेय रेषेवर आला.

बास्केटमागे फळी नव्हती. खांबावर नुसती कडी. फाऊल चुकला तर चेंडू मेला असं होत नाही, तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. पुढच्या कडीवर जरा जोरात आपटला तर सरळ आपल्याच छातीवर येणार, हे ओंद्रेयला चांगलं ठाऊक होतं. झेलायचा, लगेच टाकायचा. दोन गुण, सामना खिशात, आणि पहिल्या रकान्यात एक. चेंडू स्टोबीच्या हाती गेला तर सामना जाईल, आणि सोमवारी तो भुयारात असेल.

जाळीला बोटं अडकवून बार्बोरा उभी होती. त्यानं मनाशी ठरवलं: चुकवायचा.

गुडघे वाकले, दोन्ही हात खालून वर आले. चेंडू सुटता सुटता उजवा पाय झेलायला पुढे निघालासुद्धा. चेंडू मात्र नेहमीच्या वाटेनं वर चढला, नेहमीच्या जागी वळला आणि कडीला न शिवता आत गेला.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मॅकगार्वीनं फुटका ओठ पुसत त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि हळूच म्हणाला, "पाय आधी निघाला तुझा. चुकवणार होतास ना?"

"होतो."

"मग?"

"हाताला चुकवता येत नाही," ओंद्रेय म्हणाला. "कधी शिकवलंच नाही त्याला."

वेळ संपल्याची शिट्टी झाली.

तक्ता लिहिणाऱ्यानं आकडे मोठ्यानं वाचले: हुडाक, शून्य, अठरा, अठरा. दुसऱ्या रकान्यात एवढा मोठा आकडा त्या हॉलमध्ये कुणी पाहिला नव्हता. प्रॉसर जाळीला तोंड लावून सांगत होता की पुढच्या हंगामात तुला धावायचीसुद्धा गरज नाही, मी मुकादमाशी बोलतो, ही दिव्यांची खोली जन्मभर तुझीच समज.

त्याच्या शेजारून बार्बोरानं विचारलं, "पहिल्या रकान्यात काही आलं?"

"जिंकलो आपण," ओंद्रेय म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

तो दाराकडे निघाला. पण अडसर निघताच गाव आत घुसलं, त्याला उचलून घ्यायला, आणि त्या एवढ्याशा दारातून एकालाही बाहेर पडायला जागा उरली नाही.