दगडाआत्यांची लाथ

दीपमालाची कंबर गेली ती ज्वारीच्या पोत्यापायी. गिरणीच्या दारात कुणीतरी पन्नास किलोचं पोतं आडवं टाकून चहाला गेलं होतं. दहा वर्षं एकटीने गिरणी चालवलेली ही बाई कशाला कुणाची वाट बघतेय! वाकली, पोत्याला मिठी मारली, उचललं, आणि अर्ध्यातच कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. पोतं खाली, बाई खाली. कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ गेली, की तिला ओरडायलाही सुचेना. दळणाला आलेल्या चार बायकांनी तिला उचलून घरी आणलं.

मिरजेला नेल्यावर कळलं, की मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या शिरेवर दाबतेय. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "लगेच चिरफाड नको. सहा आठवडे घरच्या घरी नेटानं व्यायाम करा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं." दीपमालाने ते सहा आठवडे गाठीला बांधले. ऑपरेशनची तिला धडकी होती. मणक्याला सुरी लागली, की गिरणीचं जड काम कायमचं सुटेल, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि गिरणी सुटली, तर त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं उरत काय होतं?

व्यायाम शिकवायला प्रांजल मॅडम होत्या. वय पंचविशीचं, पण धाक हेडमास्तरणीचा. पालथं झोपायचं, कोपरांवर भार देऊन छाती हळूहळू वर उचलायची, कंबर सैल सोडायची. दिवसातून चार वेळा, दहा-दहादा. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, अंगणात थोडं थोडं चालायचं. आणि एक गोष्ट त्यांनी दोघा नवराबायकोला समोर बसवून दोनदा सांगितली. "पायातली कळ वर सरकत कमरेत गोळा झाली, तर समजा गुण येतोय. कंबर तेव्हा थोडी जास्त दुखेल. घाबरायचं नाही. उलट पाय लुळा वाटला, तर तासभरही थांबायचं नाही, इकडं यायचं."

उदयसिंहने मान डोलावली. हा दीपमालाचा नवरा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. वीस वर्षांच्या संसारात त्याने स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं. पण त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे, त्याने मॅडमचा व्यायामाचा कागद भिंतीला चिकटवला, मोबाइलला चार गजर लावले आणि सकाळच्या व्यायामाला रोज बायकोच्या उशाशी मांडी घालून बसू लागला. "एक... दोन... दमानं, दमानं..." कोपरं थरथरायला लागली, की तो तिचे हात हातात घ्यायचा. "मी हाय न्हवं," म्हणायचा.

गावात अशी गोष्ट लपते होय? पारावर त्याची टवाळी झाली. "काय उदयसिंह, बायको कवायतीला लावलीस म्हनं!" तो हसून सोडून द्यायचा. पोरगं पुण्याला शिकायला, सासू देवघरात, आणि हा माणूस गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभा. पालथ्या पडलेल्या दीपमालाला वाटायचं, लग्न तेव्हा झालं, पण नवरा मला आत्ता मिळाला. असं वाटून तिचे डोळे भरायचे आणि ती तोंड उशीत लपवायची.

आता दगडाआत्या. उदयसिंहची ही सख्खी आत्या, सासूबाई बनुबाईंची नणंद, वय सत्तर आणि अंग पैलवानाचं. आत्या पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे टाकून आल्या होत्या, आणि त्यानंतर सत्तर वर्षं त्यांनी तो पाय काही मागे घेतला नव्हता. पायाळू माणसाची लाथ बसली, की कमरेतली उसण पळते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आत्यांच्या लाथेला तासगावपासून माणसं यायची. पैसा घ्यायच्या नाहीत, फक्त नारळ. नियम एकच. लाथ रोग्याच्या नकळत बसली पाहिजे. अंग चोरलं, की गुण गेला.

बनुबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "घरात गंगा आसताना मिरजंला कशापायी पैसं घालताय?"

दीपमालाने हात जोडले. "आई, साधी उसण आसती तर मीच गेली आसती. हितं गादी सरकलीया. लाथ बसली तर पाय जाईल माजा."

तेव्हा उदयसिंह आईसमोर ताठ उभा राहिला होता. "आई, न्हाई म्हंजे न्हाई. आत्याला हिच्या खोलीत पाऊल टाकू देयाचा न्हाई मी." त्या एका वाक्यावर दीपमाला पुढचे पाच आठवडे बिनघोर झोपली.

आणि खरंच गुण येत होता. अंगठ्याची बधिरी गेली. मग पोटरी मोकळी झाली, मग मांडी. पाचवा आठवडा सरताना सगळी कळ कमरेत येऊन बसली. शुक्रवारी संध्याकाळी उदयसिंह कामावरून आला, तेव्हा तिने लहान पोरीसारखं हसत सांगितलं, "आवं, आज कंबर लय दुखतीया!"

तो हसला नाही. "लय?" एवढंच म्हणाला.

"व्हय. पायात कायबी न्हाई. समदं कमरंत. मॅडम म्हनल्या हुत्या तसंच."

तो उठून बाहेर गेला. सोप्यात मायलेकांचं हळू आवाजात बराच वेळ बोलणं चाललं होतं. पुढच्या रविवारी साताऱ्याला उदयसिंहच्या बहिणीच्या लेकीचा साखरपुडा होता. मामीने, म्हणजे दीपमालाने, ओटी भरायची, हा मान. त्याचंच काही चाललं असेल, असं समजून दीपमालाने कूस बदलली.

शनिवारी सकाळी गजर झाला. ती पालथी झाली. उदयसिंह उशाशी बसला. त्या दिवशी त्याने मोजणी सुरू करायच्या आधीच तिचे हात धरले, तेही मनगटाजवळ, घट्ट.

"आवं, आजून थरथरतीया कुटं मी?" ती हसून म्हणाली.

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या पायांच्या पलीकडे कुठेतरी बघत होता. तिने मान वळवायला घेतली, आणि त्याने मनगटं आणखी दाबली.

लाथ बसली ती बरोबर जागेवर. पहिली, दुसरी, तिसरी. आत्यांच्या हिशेबाला तीन लागतात. दुसऱ्या लाथेला दीपमाला जी किंचाळली, ती शेजारच्या आळीत ऐकू गेली. तिसरीला तिचा आवाजच फुटला नाही. तिन्ही वेळा तिने हात सोडवायचा प्रयत्न केला, आणि तिन्ही वेळा ते सुटले नाहीत. दारात बनुबाई नारळ घेऊन उभ्या होत्या.

"सुटली उसण," दगडाआत्या पदराने घाम पुसत म्हणाल्या. "आता उटून बस, पोरी."

ती उठून बसली नाही. पंधरा मिनिटांनी दोघांनी धरून उभं केलं, तेव्हा डावं पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. अंगठा वर उचल म्हणून तिने स्वतःच्याच पायाला सांगून बघितलं. पायाने ऐकलं नाही.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर ती कुशीवर पडली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी उदयसिंह. इस्लामपूर मागे पडलं. मग तो मान न वळवता म्हणाला, "आईनं लय लावून धरलं गं. साखरपुड्याला मामी आंथरुनात म्हनल्यावर पावनं काय म्हनलं आसतं? आनि तूच म्हनालीस न्हवं, कंबर लय दुखतीया."

"मॅडमनी तुमच्याम्होरं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं हुतं. कंबर दुखंल, भ्यायचं न्हाई. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

त्याने खिडकीची काच खाली केली. बाहेर बघत म्हणाला, "ठावं हुतं."

ठाऊक नसतं, तर तिने माफ केलं असतं. अडाणी माणूस, आईच्या शब्दाबाहेर नाही, झाली चूक म्हणून पदरात घातली असती. सासूचा तर तिला रागही येत नव्हता, त्या म्हातारीने पहिल्या दिवसापासून आपलं मत लपवलं नव्हतं. आत्यांनी आपला पाय लपवला नव्हता. लपवलं ते यानेच. रोज सकाळी ज्याच्या भरवशावर आपण डोळे मिटून पालथं पडत होतो, त्याने तोच भरवसा आपल्याला धरून ठेवायच्या कामी लावला. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो दाबायला तिने गाडीच्या सीटचं कव्हर मुठीत धरलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून बघितली. "अंगठा उचला... परवा मॅडमनी तपासलं तेव्हा तर उचलत होता. कागदावर लिहिलंय. काय झालं? पडलात का?"

"मोरीत पाय घसरला," उदयसिंह चटकन म्हणाला.

इतका चटकन, की दीपमालाने त्याच्याकडे बघितलं. हे उत्तर त्याने वाटेत तयार केलं असणार. इस्लामपूरच्या पुढे, की त्याच्याही आधी?

"पडली न्हाई मी," ती म्हणाली. "मला लाथा मारल्या, डॉक्टर. तीन. उसण जावी म्हनून. आमच्या आत्यांनी मारल्या, आनि ह्यांनी माजं हात धरलं हुतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. उदयसिंहचं तोंड लाल झालं. तो वाकून तिच्या कानाशी पुटपुटला, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आनलीस? मला तोंडघशी पाडलंस तू, दीपा." आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. दगा झाला तो आपल्यालाच, असं त्याला वाटत होतं.

पुन्हा एमआरआय झाला. गादीचा तुकडा तुटून शिरेवर बसला होता. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही, आजच ऑपरेशन. पाऊल कितपत परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. गिरणीचं तिने विचारलं नाही.

"एक लक्षात ठेवा," हातातल्या कागदावर खुणा करत डॉक्टर म्हणाले. "अर्धं काम आमचं, अर्धं घरी. जखम भरली, की पुन्हा तेच व्यायाम करायचे आहेत, पालथं झोपून. महिनाभर तरी कुणीतरी जवळ बसून करून घ्यायला लागेल, एकट्यानं करायचे नाहीत. कुणाचं नाव लिहू? घरी कोण आहे तुमच्या?"

खाटेला टेकून उदयसिंह उभा होता. हातभर अंतरावर. त्याने तोंड उघडलं.

"कुनी न्हाई," दीपमाला म्हणाली. "खंडाळ्याला माजी आई हाय. तिचं नाव लिवा."