मध्यंतरानंतरची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण माझ्यात माझे स्वतःचे असे एक अक्षरही नाही. जे आहे ते सगळे लोकांचे. एका चित्रपटगृहाच्या दालनात, जिन्याशेजारी, पिण्याच्या पाण्याच्या नळाला लागून एक उंच टेबल होते. त्या टेबलावर मी नऊ वर्षे उघडी पडून होते. चित्रपट पाहून बाहेर आलेल्यांनी माझ्यावर आपले मत लिहावे, एवढेच माझे काम. आता मी जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे आहे. इथे मला कोणी उघडत नाही, म्हणून आज मीच तुमच्यापुढे उघडते आहे.

खरे तर मी शाळेच्या हजेरीसाठी जन्मले. बाइंडरने मला चारशे पानांची केली, पाठीला लाल कापड लावले, पण आकार चुकला आणि शाळेने मला घेतले नाही. मग मॅनेजरसाहेब मला घेऊन आले. चित्रपटगृहाच्या पेंटरने माझ्या पुठ्ठ्यावर पिवळ्या रंगात 'अभिप्राय' असे लिहिले. लिहून झाल्यावर शेवटच्या अक्षराखाली त्याने एक छोटी, किंचित तिरकी रेघ ओढली. ही त्याची सवय होती. पाटी असो, फलक असो, खुर्चीवरचा आकडा असो, काम संपले की खाली ती रेघ यायचीच. सही करायची त्याला कधी गरजच पडली नाही.

एके काळी या पेंटरचा मोठा दबदबा होता. दर्शनी भिंतीवर नायक-नायिकांचे दोन मजली चेहरे तो शिडीवर उभा राहून रंगवायचा. नायिकेचा एक डोळा रंगवायला अर्धा दिवस लागायचा आणि तेवढा वेळ लोक खाली माना वर करून उभे राहायचे. पुढे छापील फलक आले. पेंटरकडे उरले ते खेळांच्या वेळा लिहिणे आणि खुर्च्यांचे आकडे ठळक करणे. तो कोणाकडे रडला नाही. फक्त त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पूर्वीपासून असलेला राग तिथेच मुक्कामाला राहिला.

त्याला एकच मुलगी. घरी आणि इथेही सगळे तिला ठकू म्हणायचे. फ्रॉकच्या वयापासून ती बापाचे ब्रश धुवायला यायची आणि धुता धुता रंगवायला शिकली. पाण्याच्या नळामागच्या भिंतीवर तिने एकदा दुसरा नळ रंगवला होता. दोन माणसांनी त्याखाली ओंजळ धरली, तेव्हा पेंटर इतका हसला की त्याला शिडीवरून उतरावे लागले. त्याला इतके हसताना मी त्यानंतर पाहिले नाही.

मोठी झाल्यावर ठकूला चित्रपटांच्या सेटवर रंगकाम करायला बोलावणे आले. ती निरोप घ्यायला आली तेव्हा पेंटर शिडीवर चढून वेळा लिहीत होता. तो खाली उतरला नाही.

"जा," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "रंगव खोट्या भिंती. पण त्या भिंतींना दार नसतं, एवढं लक्षात ठेव."

"दार नसलं तर खिडकी ठेवीन, बाबा," ठकू म्हणाली. थोडा वेळ ती शिडी धरून उभी राहिली. मग शिडीचा पाय नीट टेकला आहे ना हे पाहून निघून गेली. त्यानंतर चार वर्षे बापलेकीत बोलणे नव्हते. आई चोरून फोनवर बोलायची. पेंटरला ते ठाऊक होते, पण तो विचारायचा नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशा जातीचा माणूस.

आणि मग एका शुक्रवारी तो निळा चित्रपट लागला.

हिंदी प्रेमकथा होती, गाण्यांनी भरलेली. त्यातले गाव कुठल्याच नकाशात नव्हते. तळे, पूल, गल्ल्या, दिव्याचे खांब, चंद्रसुद्धा, सगळे आत, छपराखाली बांधलेले आणि सगळे निळे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पेन्सिलीचे टोक दिवसातून तीनदा तासावे लागे. एकाने लिहिले, 'डोळे निवले. कोणतेही दृश्य चौकट करून भिंतीवर टांगावे.' त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिले, 'टांगा. पण गोष्ट कुठे आहे?' एका बाईंनी गाण्यांची तोंड भरून स्तुती केली आणि त्यांच्या नवऱ्याने खाली बारीक अक्षरात 'वरील मताशी मी सहमत नाही, घरी सांगू नये' अशी पुस्ती जोडली. कोणी म्हणाले, नायक-नायिका सारखे भिजतात पण एकदाही शिंकत नाहीत. एका आजोबांनी लिहिले की त्यांच्या तरुणपणी प्रेम एवढे निळे नव्हते. एका छोट्या मुलीने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, 'मला त्या पुलावर राहायला जायचे आहे.' व्यक्ती तितक्या प्रकृती. मला सगळेच आवडत होते.

त्या शुक्रवारी पहिला खेळ पेंटरनेही पाहिला, म्हणजे अर्धा पाहिला. मध्यंतरापर्यंतच पाहायचे ही त्याची जुनी रीत होती. फलक रंगवण्यापुरते चेहरे तेवढ्यात मनात बसायचे, मग उरलेला वेळ रंग कालवण्यात जायचा. फलक गेले तरी रीत राहिली. दिवे लागताच तो बाहेर आला, टेबलापाशी थांबला आणि त्याने पेन्सिल उचलली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना, तसेच झाले, फक्त जिभेच्या जागी पेन्सिल होती.

'घरे खोटी आहेत. खिडक्यांत दिवे आहेत, पण आत कोणी राहत नाही. रंगवणाऱ्याने घर पाहिलेले दिसत नाही.'

खाली ती छोटी तिरकी रेघ आली.

हे काम कोणाचे आहे ते त्याला माहीत नव्हते. शपथेवर सांगते, माहीत नव्हते. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर नावे सरकतात, पण अर्ध्यातून उठणाऱ्याला शेवटची नावे कशी दिसणार?

चित्रपट काढणाऱ्या कंपनीने त्या वेळी सगळ्या चित्रपटगृहांकडून प्रेक्षकांची मते मागवली होती. रविवारी संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी माझ्यातल्या या चित्रपटाच्या बारा पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि पाठवून दिले. फोटो काढताना त्यांनी माझी पाने हलक्या हाताने दाबून धरली होती. मला त्या वेळी फार मानाचे वाटले, हे कबूल करते.

बुधवारी दुपारी पेंटरची बायको डबा घेऊन आली. रोज ती डबा ठेवून लगेच जायची. त्या दिवशी ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिली.

"अहो, तो निळा सिनेमा पुरता पाहिलात का?"

"अर्धा पाहिला. तेवढा पुरे."

"मध्यंतरानंतर एक गाणं आहे पुलावरचं. त्यात मागं घरं आहेत. तिसऱ्या घराची खिडकी बघा."

"का?"

"ठकूनं सांगितलंय. तुम्हाला काही न सांगता नुसतं बघायला लाव म्हणाली होती. शुक्रवारीच म्हणाली होती, पण तुमचा मूड बघत बसले मी. आज म्हटलं, आता आठवडा संपेल."

पेंटरने डबा उघडला नाही. तो तीनच्या खेळाला आत गेला आणि दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने काय पाहिले ते मला नंतर कळले, कारण बाहेर येऊन तो बायकोला तेच तेच सांगत होता.

त्यांच्या घराच्या स्वयंपाकघराला एक खिडकी आहे. ठकू सात वर्षांची असताना तिच्या हातून त्या खिडकीची खालची उजवी काच फुटली होती. पेंटरने तिला रागावण्याऐवजी रंगाचा डबा कापून त्याचा चौकोनी पत्रा तिथे ठोकला आणि दोघांनी मिळून त्याला हिरवा रंग दिला. पत्र्याच्या कडेला ठकूच्या अंगठ्याचा ठसा ओल्या रंगात राहिला, तो तसाच वाळला. त्या सगळ्या निळ्या गावात, पुलामागच्या तिसऱ्या घराला, एका उघड्या खिडकीत तो हिरवा चौकोन होता. खिडकीच्या कट्ट्यावर ब्रश ठेवलेला, कान तुटलेला घरचा चहाचा मग होता. आत दिवा लावलेला होता.

"ठसासुद्धा काढलाय गं तिनं," पेंटर म्हणत होता. "एवढा लांबून कुणाला दिसणार तो? कुणालाच नाही दिसणार. तरी काढलाय."

मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. त्याने भराभर पाने उलटली. शुक्रवारचे पान आले तसा तो थबकला. आधी त्याने खोडरबर मागितला, मग मागितलेला खोडरबर तसाच ठेवून खिशातली लोखंडी पट्टी काढली, माझ्या शिवणीला लावली आणि ते पान फाडून घेतले. माझ्या अंगावरून कोणी पान फाडण्याची ती पहिलीच वेळ. पाठीमागच्या बाजूला त्या छोट्या मुलीचे पुलावर राहायला जायचे वाक्य होते, तेही गेले. मी तक्रार केली नाही. पण मला ठाऊक होते आणि त्याला नव्हते, की त्या पानाचा फोटो रविवारीच गेला आहे.

दुसऱ्या दिवशी बायको डबा न घेताच आली. तिचे डोळे सुजले होते.

"तिनं वाचलंय," ती म्हणाली.

"काय वाचलंय?"

"तुम्ही लिहिलेलं. कंपनीनं सगळे कागद छापून त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीला लावलेत. नाव नव्हतं खाली. पण रेघ होती ना."

पेंटरने हातातला ब्रश खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"बाबांचं अक्षर अजून तसंच आहे, म्हणाली."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि ठेवला फोन."

रडली असती, भांडली असती, तर पेंटरला बरे वाटले असते. त्याने बायकोच्या हातातून फोन घेतला. चार वर्षांत प्रथमच त्याने तो नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. तोंडाने माफी मागणे त्याला जन्मात जमले नव्हते, आणि जेव्हा मागायला निघाला तेव्हा ऐकायला कोणी नव्हते.

मग त्याने जे जमत होते ते केले. तो चित्रपट आणखी आठ दिवस होता. आठही दिवस त्याने पूर्ण चित्रपट पाहिला आणि आठही दिवस माझ्यावर लिहिले. 'पुलावरच्या गाण्यातील रंगकाम उत्तम.' 'निळ्यात हिरवा ठेवण्याचे धाडस फार थोड्यांना जमते.' 'मी या धंद्यात चाळीस वर्षे आहे. मला एवढा हात नव्हता.' आणि प्रत्येकाखाली तीच रेघ. लिहून झाले की तो मॅनेजरसाहेबांच्या खोलीत जायचा.

"साहेब, आजची पानं पाठवता का?"

"पेंटर, कंपनीनं एकदाच मागितली होती. आता कोण बघतंय?"

"तरी पाठवा."

साहेब भला माणूस. त्यांनी ती पानेही पाठवली. उत्तर आले नाही. भिंतीवर लागली की नाही, कोणास ठाऊक. आईला अधूनमधून फोन यायचे. ठकू गुडघ्यांचे विचारायची, शेजाऱ्यांचे विचारायची. बाबांचे विचारायची नाही.

दीड वर्ष गेले. लोक आता खिशातल्या फोनवरच मते लिहू लागले. आठवड्यात माझ्यावर एखादी ओळ पडे, तीही बहुतेक वेळा पेन्सिलीला टोक नसल्याची. पेंटर मात्र प्रत्येक चित्रपट पूर्ण पाहू लागला होता, अगदी शेवटची नावे सरकून दिवे लागेपर्यंत.

एका दुपारी तो बाहेर आला आणि टेबल धरून उभा राहिला. ठकूच्या कंपनीचा नवा चित्रपट होता. या वेळी गाव तांबडे होते. त्यातही एका गल्लीच्या टोकाला ती खिडकी होती, तसाच हिरवा पत्रा, तसाच अंगठ्याचा ठसा. पण दोन्ही दारे ओढून घेतलेली होती, आणि आत दिवा नव्हता.

पेन्सिल बोथट होती. त्याने दाबून लिहिले. 'खिडकी हुबेहूब आहे. बंद केलीस तेही बरोबर. पत्रा मी अजून बदललेला नाही.' खाली रेघ ओढायला गेलेला हात मध्येच थांबला. माझ्या चारशे पानांत रेघ नसलेले त्याचे तेवढे एकच लिखाण आहे.

त्या पानाचा फोटो कोणी काढला नाही. पेंटरने तो काढायला सांगितलाही नाही. पुढच्याच आठवड्यात टेबलाच्या जागी खाऊ-पेयांचे यंत्र आले आणि मला जिन्याखाली ठेवले. खुर्च्यांचे आकडे आता चिकटवायचे मिळतात. पेंटर येतो की नाही, ते मला इथून दिसत नाही. जिन्यावर पावले वाजली की मी ऐकते. त्याची पावले मला ओळखू येतात, पण बऱ्याच दिवसांत ती वाजलेली नाहीत.

मित्रांनो, नावे ठेवणाऱ्यांचा मला राग नाही. माझे पोट त्यांच्यावरच भरले. लिहा, जे वाटेल ते लिहा. पण ज्याला नावे ठेवता त्याचे काम आधी शेवटपर्यंत पाहा, कारण ते कोणाच्या तरी हातचे असते आणि तो हात कधी कधी आपल्याच घरातला निघतो. आणि एक विनंती आहे. कधी काळी मी तुमच्या हाती लागले, तर पाने उलटताना तुम्हाला शिवणीपाशी एक फाटलेली कड लागेल. तिथे मिटू नका मला. पुढे बरीच पाने जुनी, पिवळी, कंटाळवाणी आहेत. ती उलटा. शेवटून तिसऱ्या पानावर बोथट पेन्सिलीच्या तीन ओळी आहेत, त्यांचा फोटो काढा आणि रंगकाम करणारी ठकू कुठे भेटली तर तिला दाखवा. खाली रेघ नाही, पण अक्षर ती ओळखेल.